पाच सेटचा रविवार

दुपार

न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागात, सेव्हन्थ ॲव्हेन्यू साउथवरच्या 178 क्रमांकाच्या दारातून आत शिरलं की लगेच जिना लागतो. पंधरा पायऱ्या, अरुंद आणि उभ्या. खाली पाचरीच्या आकाराचं तळघर आहे. निमुळत्या टोकाला बुटकं स्टेज आणि उरलेल्या जागेत एकमेकांना खेटून मांडलेली टेबलं. सगळी मिळून सव्वाशेच्या आत माणसं मावतात. मॅक्स गॉर्डन हा लिथुएनियात जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला गृहस्थ 1935 पासून हा क्लब चालवत होता. सुरुवातीला इथे कवी कविता म्हणत, लोकगीतं होत, विनोदवीर आपले नंबर सादर करत. 1957 च्या सुमारास व्हिलेज व्हॅनगार्ड जॅझकडे वळला आणि तिथेच राहिला.

25 जून 1961, रविवार. पियानोवादक बिल एव्हन्सच्या त्रिकुटाला इथे दोन आठवड्यांचं काम मिळालं होतं, त्याचा हा शेवटचा दिवस. रविवारी मॅटिनी असते, त्यामुळे दुपारी दोन आणि रात्री तीन असे पाच सेट वाजवायचे. एकेक सेट साधारण अर्ध्या तासाचा. आज ते सगळे टेपवर जाणार आहेत.

त्या टेपमधून पुढे दोन एलपी निघाल्या, ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’. नाइटक्लबमध्ये मुद्रित झालेल्या जॅझ तबकड्यांत इतकं प्रेम फारच थोड्यांच्या वाट्याला आलंय. प्रेमाचा एक तोटा झाला. या संगीताबद्दल लिहिणारे इतके गहिवरतात की तो तिघांच्या नोकरीचा एक दिवस होता, हे वाचकाच्या लक्षातच राहत नाही. मला तो कामाचा दिवस म्हणून बघायचाय. काय वाजलं, काय पुन्हा वाजवावं लागलं, काय वाया गेलं आणि मधल्या वेळात खोलीत काय चाललं होतं.

वाजवणारे येण्याआधी यंत्रवाले येतात. निर्माता आहे ऑरिन कीपन्यूज, रिव्हरसाइड या छोट्या कंपनीचा भागीदार. क्लबमधलं ध्वनिमुद्रण त्याला नवं नाही. 1958 च्या जुलैत त्याने फाइव्ह स्पॉट कॅफेत थेलोनियस मंकचं क्वार्टेट, म्हणजे चौघांचं पथक, टेप केलं होतं. मंकला ते पसंत पडलं नाही. मग ऑगस्टच्या 7 तारखेला पुन्हा यंत्रं लावली आणि त्या एका रात्रीतून ‘थेलोनियस इन ॲक्शन’ आणि ‘मिस्टेरिओसो’ अशा दोन एलपी काढल्या. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या जॅझ वर्कशॉपमध्ये कॅननबॉल ॲडर्लीच्या क्विंटेटचं असंच मुद्रण केलं, ते धडाक्यात खपलं. क्लबातून चांगली तबकडी निघते आणि ती विकलीही जाते, असे दोन्ही धडे त्याने गिरवलेले आहेत. कलावंत नंतर नाक मुरडू शकतो, हा तिसरा.

एव्हन्स तर नाक मुरडण्यात मंकच्याही पुढचा. स्वतःच्या वाजवण्यावर तो सहसा खूष नसतो आणि स्टुडिओत यायला टाळाटाळ करतो. या त्रिकुटाची पहिली तबकडी 1959 च्या डिसेंबरात मुद्रित झाली आणि दुसरी थेट 1961 च्या फेब्रुवारीत. इतकं अंतर कुठल्याही छोट्या कंपनीला परवडणारं नव्हतं. स्टुडिओत माणूस येत नसेल तर जिथे तो रोज वाजवतो तिथेच टेप न्यावी, हा कीपन्यूजचा हिशेब अगदी व्यापाऱ्याचा आणि अगदी बरोबर होता. त्यात रविवार निवडला की एका दिवसाच्या भाड्यात पाच सेट मिळतात.

यंत्रांची जबाबदारी डेव्ह जोन्सवर. बाहेर जाऊन स्टिरिओ मुद्रण करणाऱ्यांत त्या काळी त्याचं नाव वरचं होतं. टेप दोन ट्रॅकची. म्हणजे आत्ता जे जाईल ते कायमचं. नंतर बेस थोडा वर घेऊ, झांज थोडी खाली करू, असली सोय नाही. माइक कुठे ठेवायचा आणि कुठलं बटण किती फिरवायचं, हे समोर वाजत असतानाच ठरवायचं. या तळघरात वेगळी कंट्रोल रूमही नाही. वर सेव्हन्थ ॲव्हेन्यूवरची रहदारी आणि रस्त्याच्या पोटातून जाणारी भुयारी रेल्वे. आज ही तबकडी उत्तम स्टिरिओवर ऐकताना ड्रमवरचा ब्रश अगदी कानाशी घासला जातो. ती सगळी करामत माइक मांडून बोटांनी बटणं सांभाळणाऱ्या एका माणसाची आहे, आणि एलपीच्या पाठीवर त्याचं नाव बारीक अक्षरात असतं.

पहिला सेट

तिघांची वयं पाहून ठेवा. एव्हन्स 31, ड्रमवर पॉल मोशन 30, बेसवर स्कॉट लाफारो 25. एव्हन्स दोन वर्षांपूर्वी माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये वाजवून आलेला. लाफारो बेसला हात लावून जेमतेम सात वर्षं झालेला, पण गेल्याच डिसेंबरात ऑर्नेट कोलमनच्या ‘फ्री जॅझ’मध्येही वाजवून मोकळा. त्याचा बेस मात्र त्याच्यापेक्षा शंभरावर वर्षांनी मोठा आहे, न्यू हॅम्पशरच्या प्रेस्कॉट नावाच्या कारागिराच्या हातचा, 1825 च्या आसपासचा. लाफारोने घोडी खाली करून तारा पट्टीच्या जवळ आणल्या आहेत. त्यामुळे बोटं गिटारसारखी पळतात, पण आवाज लहान होतो. जोन्सच्या कामात ही एक भर.

सुरुवात लाफारोच्याच ‘ग्लोरियाज स्टेप’ने होते आणि तुकडा रंगात येत असताना वीज दगा देते. पियानो, बेस आणि ड्रमला विजेचं काय? पण टेपचं सगळं विजेवर. मुद्रण मध्येच तुटतं. दिवसाचा पहिलाच तुकडा असा जखमी झाला. या वेळी जोन्सच्या तोंडून काय शब्द गेले असतील ते टेपवर यायची सोय नव्हती, हे बरंच.

मग ‘ॲलिस इन वंडरलँड’, डिस्नेच्या 1951 च्या कार्टूनपटातलं गाणं. मग ‘माय फूलिश हार्ट’, 1949 च्या एका चित्रपटातलं. चित्रपटाच्या आणि नाटकाच्या गाण्यांना जॅझवाले रागासारखं वापरतात, म्हणजे चाल तोंडपाठ, बाकी सगळं त्या वेळचं. ‘माय फूलिश हार्ट’ला मात्र एव्हन्स जवळजवळ फुलवतच नाही. चाल अतिशय संथ, पाच मिनिटांत पूर्ण, तान-पलटे नावाला. प्रत्येक स्वराखालचा जोडस्वर तेवढा बदलत राहतो. एखाद्या गायकाने नुसती अस्ताई म्हणून उठावं आणि कुणाची तक्रार नसावी, तसं.

हा तुकडा ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ या एलपीच्या अगदी सुरुवातीला आहे. तो संपतो, काही सेकंद जातात आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ सुरू होतं. ऐकणाऱ्याला वाटतं, त्यांनी एक संपवून लगेच दुसरं घेतलं. प्रत्यक्षात पहिला तुकडा दुपारच्या पहिल्या सेटमधला आणि दुसरा रात्रीच्या शेवटच्या सेटमधला. त्या काही सेकंदांत तीन अख्खे सेट, सगळी मध्यंतरं, जेवणखाण आणि सूर्यास्त येऊन गेलाय. सुईखालच्या त्या जागेत एवढं सगळं दडपलंय हे मला कळलं तेव्हापासून मी ही तबकडी पहिल्यासारखी ऐकू शकलेलो नाही. आता तिथे मला घड्याळ ऐकू येतं.

पहिला सेट कोल पोर्टरच्या ‘ऑल ऑफ यू’वर संपतो. चार तुकडे वाजले, त्यांतला एलपीवर गेला फक्त ‘माय फूलिश हार्ट’. यंत्रं, वीज, खोली आणि बोटं एकमेकांना सरावेपर्यंत अर्धा तास खर्ची पडला.

मध्यंतर

टेप चालूच आहे. घोषणा होते, खुर्च्या सरकतात, गलबला वाढतो.

या खोलीतल्या लोकांबद्दल बोलायलाच हवं. दुपारी गर्दी नाही. टाळ्या पडतात त्या चुकार, चारदोन हातांच्या. पण ग्लास किणकिणतात, बर्फ खळखळतो, कुणी बाई मोकळेपणी हसते, कुणाचं तरी काहीतरी रंगात येऊन सांगणं चाललेलं आहे. ज्या सुरांवर पुढे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी टिपणं काढली, ते चालू असताना त्या खोलीतल्या बऱ्याच जणांना शेजारच्या माणसात जास्त रस होता. अनेक रसिक या लोकांवर चिडतात. मला चिडावंसं वाटत नाही. ते पैसे देऊन रविवारची दुपार घालवायला आलेले होते. इतिहासाला हजर राहायचं निमंत्रण त्यांना कुणी दिलेलं नव्हतं.

आपल्याकडे खाजगी बैठकांची स्पूलवर केलेली मुद्रणं संग्राहकांच्या हातोहात फिरत आली आहेत. त्यांतही खोकले असतात, तबल्यावर हातोडी पडते, कप-बश्यांचा आवाज येतो. पण तिथला श्रोता गाण्यात सामील असतो. त्याची ‘वाहवा’ गायकाला पुढची जागा सुचवते. व्हॅनगार्डमधला हा गलबला कुणालाही काही सुचवत नाही. तिघे त्याच्याकडे पूर्ण पाठ फिरवून एकमेकांना ऐकतात. एव्हन्स तर खरंच पट्ट्यांवर इतका वाकलेला असतो की पहिल्या टेबलावरूनही त्याचा चेहरा दिसू नये. माझं मत असं की या संगीताच्या एकाग्रतेला त्या गलबल्याची मदतच झाली. शांत, भारलेल्या सभागृहात तिघे इतके आत वळले असते असं मला वाटत नाही.

त्याच वर्षी मुंबईत असं तळघर चालवणं अवघड होतं. 1949 च्या दारूबंदी कायद्याने नाइटक्लबच्या धंद्याचा कणाच मोडलेला. जॅझ वाजवणारे मुंबईत होते आणि उत्तम होते. बहुतेक गोव्याचे, चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकून आलेले. ते रात्री हॉटेलांच्या ऑर्केस्ट्रात वाजवत आणि दिवसा हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला हजर असत. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसूझा ही नावं चित्रपटसंगीताच्या इतिहासात त्याच दाराने आली. त्यांचं क्लबमधलं वाजवणं असं पाच-पाच सेट सलग टेप करून ठेवायला त्यांच्या शेजारी कीपन्यूजसारखा माणूस हवा होता.

दुसरा सेट

फक्त तीन तुकडे, आणि तिन्ही एलपीवर गेले. सबंध दिवसात असा दुसरा सेट नाही.

‘माय रोमान्स’ एव्हन्स एकट्याने सुरू करतो, लयीशिवाय, आलापासारखा. मग दोघे हलकेच येऊन मिळतात. ‘सम अदर टाइम’ हे लेनर्ड बर्नस्टाइनचं 1944 च्या एका संगीत नाटकातलं गाणं. त्याच्या सुरुवातीला डाव्या हाताची एक साधी ये-जा आहे, दोनच स्वरसमूहांची. एव्हन्सला तिचं वेडच होतं. 1958 मध्ये स्टुडिओत हेच गाणं वाजवायला बसला असताना त्या ये-जात तो इतका रमला की गाणं बाजूला राहिलं आणि ‘पीस पीस’ ही त्याची प्रसिद्ध रचना तयार झाली. आज या तळघरात तो ते गाणं पुरं वाजवतो.

आणि मग ‘सोलर’. जवळजवळ नऊ मिनिटं. तिघांनी नेमका काय घाट घातला होता ते इथे सर्वांत उघड कळतं, म्हणून थोडं थांबतो.

त्या काळच्या जॅझमध्ये बेसवाल्याचं काम ठरलेलं होतं. मात्रेमागून मात्रा, चालत राहायचं. पियानोवाला बोलणार, ड्रमवाला ठेका धरणार, बेसवाला जमीन पुरवणार. एव्हन्सच्या डोक्यात वेगळं होतं. कुणीच जमीन पुरवायची नाही. प्रत्येकाने लय मनात धरायची आणि तिघांनी एकाच वेळी बोलायचं. आपल्या श्रोत्याला यातला धोका चटकन कळेल. ख्याल चाललाय, तबलजीने ठेका सोडलाय, सारंगिया गायकाच्या मागे न जाता स्वतःचंच काही मांडतोय आणि तरी तिघे समेवर एकत्र येतात, अशी कल्पना करा. एरवी याला बेशिस्त म्हणतात.

‘सोलर’मध्ये लाफारो पहिल्यापासून एव्हन्सला टोकतो. पियानोचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत बेसचं प्रत्युत्तर येतं, कधी वरच्या सप्तकात चढून. मोशन झांजेवर लय सांगत नाही, नुसती सूचित करतो. एव्हन्सच्या डाव्या हातातल्या जोडस्वरांत बहुतेक वेळा मूळ स्वर नसतोच. तो बेसवाल्याने द्यावा अशी अपेक्षा, आणि लाफारोला तो द्यावासा वाटेलच असं नाही. मूळ स्वर कुणीच देत नाही, तेव्हा ऐकणाऱ्याच्या पायाखाली एक क्षण काही नसतं. पहिल्यांदा ऐकताना मला हे संगीत ‘गोड’ वाटलं होतं. अनेकांना वाटतं, हॉटेलांच्या लॉबीत ते मंद आवाजात सोडलेलं असतं. लॉबीच्या व्यवस्थापकाने ‘सोलर’ नीट ऐकलं तर तो ते बंद करेल.

संध्याकाळ

जूनच्या अखेरीस न्यूयॉर्कला सूर्य साडेआठला मावळतो. म्हणजे मॅटिनी संपवून वर आलेल्यांच्या डोळ्यांवर चांगलं लख्ख ऊन येतं. खाली उतरताना दिवस, वर येताना दिवस, आणि मध्ये दीड-दोन तास तळघरातला अंधार.

मधल्या वेळेबद्दल सांगण्यासारखं कमी आहे, एक गोष्ट सोडून. एव्हन्स हेरॉइनच्या व्यसनात पुरता अडकलेला होता आणि लाफारोला ते अजिबात खपत नव्हतं. यावरून दोघांचे खटके उडत. फेब्रुवारीतल्या स्टुडिओच्या कामाच्या वेळीही दोघांत वादावादी झाली होती. रात्री स्टेजवर एकमेकांचं वाक्य तोंडातून काढून घेणारी माणसं स्टेजबाहेर अशी होती. एकमेकांवर नाराज असणं आणि एकमेकांना नीट ऐकणं यांत काही विरोध नसतो. नाटक कंपन्यांत काम केलेल्या कुणालाही विचारा.

रात्रीचा पहिला सेट

दुपारचा जखमी तुकडा पुन्हा. ‘ग्लोरियाज स्टेप’, दुसरा टेक, सहा मिनिटं आणि काही सेकंद. या वेळी वीज टिकते. हाच पुढे ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’च्या तोंडाशी लागला. त्यामुळे एलपी ऐकणाऱ्याचा ‘रविवार’ रात्री सुरू होतो.

त्यानंतर गर्श्विनच्या ‘पोर्गी अँड बेस’मधलं ‘माय मॅन्स गॉन नाऊ’. ऑपेरात हा विधवेचा आक्रोश आहे. इथे तिघे तो आवाज न चढवता मांडतात. मग ‘ऑल ऑफ यू’चा दुसरा टेक. तोही एलपीवर गेला, आणि दुपारच्या पहिल्या टेकशेजारी ठेवून ऐकला की का गेला ते कळतं. आता तिघांचे सांधे सुटलेत. दिवसभर वाजवत राहण्याचा हा फायदा स्टुडिओत मिळत नाही. स्टुडिओत तोच तुकडा पुन्हा वाजवतात तो चूक सुधारायला. इथे मधल्या तासांत पाच इतर गोष्टी वाजून गेलेल्या असतात आणि त्या सगळ्या हातात शिल्लक असतात.

‘डीटूर अहेड’चा पहिला टेक, आणि सेट संपतो.

रात्रीचा दुसरा सेट

टेपवर एक छोटासा तुकडा आहे, त्यात वाजवणं नाही, बोलणं आहे. पुढे काय घ्यायचं याची स्टेजवरची चर्चा. 2005 साली सगळी मुद्रणं क्रमाने तीन सीडींवर निघाली तेव्हा हा तुकडाही ठेवला गेला, त्याबद्दल संपादकांचे आभार मानायला हवेत. काय वाजवायचं ते आधी लिहून आणलेलं नाही. कंपनीने खर्च केलाय, टेप फिरतेय आणि तिघे उभ्याउभ्या ठरवतायत.

ठरतं ते ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’, एव्हन्सने आपल्या छोट्या पुतणीसाठी केलेली रचना. नावाप्रमाणे तीन मात्रांत सुरू होते आणि चाल संपली की चार मात्रांत शिरते. पोर वॉल्ट्झ सोडून रस्त्यावर पळत सुटली, असं ते वळण आहे. मग ‘ॲलिस’चा दुसरा टेक, मग गर्श्विनच्या त्याच ऑपेरातलं ‘पोर्गी’, मग ‘माय रोमान्स’ पुन्हा आणि शेवटी माइल्स डेव्हिसचं ‘माइलस्टोन्स’. पाच तुकड्यांतले ‘ॲलिस’ आणि ‘माइलस्टोन्स’ एवढे दोन एलपीवर गेले. ‘माइलस्टोन्स’मध्ये लाफारो इतका आक्रमक आहे की मुख्य वादक कोण, असा प्रश्न पडावा. ‘पोर्गी’ दोन्ही एलपींतून वगळलं गेलं. तेवढी एक निवड मला पटलेली नाही.

रात्रीचा तिसरा सेट

आता दमणूक आहे. बेसच्या जाड तारा दिवसभर ओढल्यावर बोटांची काय गत होते ते बेसवालेच जाणोत. आणि लाफारो उजव्या हाताची दोन बोटं आलटून पालटून वापरणारा, म्हणजे दोन्ही बोटं झिजवणारा. तरी सहा टेक वाजतात, दिवसातले सर्वांत जास्त. ‘डीटूर अहेड’ दुसऱ्यांदा, ‘ग्लोरियाज स्टेप’ तिसऱ्यांदा, ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ दुसऱ्यांदा, ‘ऑल ऑफ यू’ तिसऱ्यांदा. उजळणी चाललीये हे उघड आहे. हाताशी चांगला टेक आहे की नाही याची खात्री करून घेण्याचं काम.

मग लाफारोची ‘जेड व्हिजन्स’. संथ, नऊ मात्रांची. बेसवर एकेक स्वर न छेडता दोन-तीन तारा एकत्र, जोडस्वर म्हणून. वाजवून होते आणि लगेच पुन्हा तीच. सबंध दिवसात लागोपाठ दोनदा वाजवलेली ही एकमेव रचना. दुसरा टेक पावणेचार मिनिटांचा, तोच एलपीवर गेला. त्यानंतर टेपवर थोडे शेवटचे बार उरतात आणि दिवसाचं काम थांबतं. एकूण तेरा रचना, बावीस टेक.

पुढचे दिवस

लाफारो जुलैच्या सुरुवातीला स्टॅन गेट्झबरोबर न्यूपोर्टच्या महोत्सवात वाजवून आला. 6 जुलैला न्यूयॉर्क राज्यात त्याची मोटार झाडावर आदळली आणि तो जागीच गेला. व्हॅनगार्डच्या रविवारनंतर अकरा दिवसांनी. प्रेस्कॉटचा बेस मोडला. तो पुढे दुरुस्त झाला. एव्हन्स कित्येक महिने लोकांसमोर वाजवायला बसला नाही.

ढिगातून सहा टेक निवडायचं काम आता वेगळं झालं. पहिल्या एलपीच्या मुखपृष्ठावर लाफारोचं नाव ठळक आलं, सुरुवातीला त्याची ‘ग्लोरियाज स्टेप’ बसली आणि शेवटाला त्याची ‘जेड व्हिजन्स’. मधल्या चारही तुकड्यांत बेस पुढे आहे. एका कामाच्या दिवसाचं असं स्मारक झालं. दुःखात हे योग्यच होतं. पण त्यामुळे प्रत्येक ऐकणारा ‘जेड व्हिजन्स’मध्ये निरोप शोधतो. वाजवणाऱ्याच्या मनात निरोप नव्हता. दोनदा वाजवल्यावर तरी ती नीट टेप झाली असेल का, एवढी काळजी असावी. एव्हन्सने ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ ही दुसरी एलपी 1962 मध्ये येऊ दिली आणि चक इस्राएल्स हा नवा बेसवादक घेऊन तो कामाला लागला.

1961 च्याच नोव्हेंबरात जॉन कोल्ट्रेनने याच तळघरात चार रात्री टेप फिरवली. त्या मुद्रणांत ‘इंडिया’ नावाची रचना आहे आणि अहमद अब्दुल-मलिक तंबोऱ्याचं काम करताना ऐकू येतो. मंकच्या फाइव्ह स्पॉटच्या क्वार्टेटमध्ये बेस वाजवणारा तो हाच. जूनमधला तो रविवार आणि नोव्हेंबरातल्या त्या रात्री शेजारी ठेवून ऐकल्या तर एकाच खोलीने वर्षभरात किती पचवलं ते कळतं. मॅक्स गॉर्डनला विचारलं असतं तर त्याने बहुधा गल्ल्याचा आकडा सांगितला असता.

हा दिवस ऐकायचा असेल तर एलपी बाजूला ठेवा आणि 2005 चा क्रमवार संच मिळवा. रविवारी दुपारी लावा. पहिले दोन सेट झाले की उठा, बाहेर पडा, जेवून या, आणि अंधार पडल्यावर उरलेले तीन लावा. सुरुवातीलाच आवाज तुटला तर स्पीकरच्या वायरी हलवू नका, आणि शेवटी तीच रचना लागोपाठ दोनदा लागली तर यंत्र बिघडलं असं समजू नका.